पडलेल्या माडाचे सरपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कुणीतरी मोठ्या विषयावर बोलते. या खेपेस चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो लाकडांचा. "तुमच्याकडे न्हाणीचे पाणी अजून चुलीवर तापते, तेव्हा तुम्हीच बोला," असे त्या म्हणाल्या. त्यात मानाची गोष्ट कितपत आहे ते ठाऊक नाही, पण विषय माझ्या आवडीचा आहे खरा.

माड पडला किंवा पाडला, म्हणजे त्याच्या खोडाचे करायचे काय? नारळ आपण घेतो. झावळ्या विणतो, हीर काढून खराटे बांधतो, सोडणे वाळवतो, करवंट्या जपून ठेवतो. खोड मात्र जिथे पडले तिथेच राहते. पाटाच्या कडेला, गडग्याच्या आडोशाला, विहिरीमागे. नाहीतर ढकलून वहाळात. गावातल्या कुठल्याही वाडीत जा, असे एखादे काळे पडलेले खोड दिसल्यावाचून राहायचे नाही. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की ते तिथे ठेवू नका. त्याचे ढलपे काढा, वाळवा आणि चुलीत घाला. आणि हे लवकर करा.

३ जून २०२० चा दिवस इथे बसलेल्यांपैकी कुणी विसरले असेल असे वाटत नाही. निसर्ग चक्रीवादळ मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढले, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, आणि अलिबागेपासून दापोलीपर्यंतच्या वाड्या दुपारपर्यंत आडव्या झाल्या. ज्या श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे नावाजलेली, तिथल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. माड काही मुळांसकट उपटले, काही कमरेत तुटले, आणि काहींचा नुसता शेंडा पिळवटून निघाला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातेकडे गेले, त्यात राहिलेल्यांपैकी आणखी काही गेले. त्यानंतर लोकांनी धास्ती घेतली. घरावर झुकलेला माड दिसला की पावसाळ्याआधी कटरवाल्याला बोलावू लागले. म्हणजे वादळे येऊन गेली तरी खोडे पडायची काही थांबलेली नाहीत.

त्या वेळी रस्त्यावरची खोडे लोकांनी आणि सरकारी माणसांनी मिळून बाजूला केली. पण बाजूला केली म्हणजे कुठे, तर वाडीच्या कडेला. आंबा, ऐन, किंजळ असे लाकूड असले की व्यापारी दारात टेंपो आणून उभा करतो. माडाच्या खोडाला तो हातही लावत नाही. उचलणावळ आपण द्यायची म्हटली तरी नेणारा मिळत नाही. शेवटी ते घरच्या बाईच्या वाट्याला येते, आणि तिला दुसरी शंभर कामे असतात.

आता माड जळणाला वाईट, ही समजूत आपल्यात पक्की आहे. ती सगळीच खोटी नाही. माडाच्या जळणाची प्रतवारी आपण सगळ्याजणी न शिकता जाणतो. पेटवायला हीर आणि वाळलेली झावळ. भपकन पेटते, तेवढ्यात आधण ठेवून घ्यावे. पोय सुकली की मशालीसारखी चालते. करवंटी सगळ्यांत कडक. तिचा निखारा पूर्वी इस्त्रीत घालत असत. सोडण धुमसते, पण रात्रभर विस्तव धरून ठेवते. पूर्वी काड्याची पेटी जपून वापरायची, तेव्हा सकाळचा चहा सोडणाच्या विस्तवावर होई. या सगळ्या मंडळींत खोड शेवटच्या पंगतीला. ओले असले तर चुलीच्या तोंडाशी नुसते सूं सूं करत बसते, शेवटाकडून पाणी गाळते, आणि घरभर धूर करते. वाळवीने पोखरलेले असले तर कागदासारखे जळून जाते. मग बाई म्हणते, हे जळण नव्हेच.

याचे कारण माडाच्या जातीत आहे. आंबा-फणसाला साल असते, सालीखाली वाढणारा थर असतो, आणि दर वर्षी त्याचे खोड थोडे जाड होते. माड हा गवत-बांबूंच्या बाजूचा. त्याला साल नाही, वर्षाची वळी नाहीत, फांदी नाही, आणि एकदा बुंधा धरला की तो पुढे जाड होत नाही, नुसता उंच जातो. त्याचे खोड म्हणजे दोऱ्यांचा जुडगा. कडेला हे दोरे दाट आणि चिवट, मध्ये विरळ आणि मऊ. म्हणून जुन्या माडाची कड कुऱ्हाडीला दाद देत नाही आणि गाभा मात्र भिजल्या भुशासारखा हाताने उकरता येतो. त्या गाभ्यात पाणी किती असावे? शेंड्याकडच्या बाजूला तर वाळल्या लाकडाच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक. असले लाकूड चुलीत घातले तर चुलीची अर्धी ऊब ते पाणी आटवण्यातच जायची. पण तेच नीट वाळले, की वजनाला वजन धरून ते इतर लाकडाएवढीच उष्णता देते. गाभा हलका, म्हणून पटकन संपतो. कडेचा ढलपा जड, तो संथ जळतो आणि निखाराही चांगला धरतो. तेव्हा दोष लाकडाचा थोडा, न फोडण्याचा आणि न वाळवण्याचा जास्त.

पण केवळ सरपणाची बचत व्हावी म्हणून मी तुम्हाला घण उचलायला सांगितले नसते. घरोघर गॅस आला आहे, आणि स्वयंपाकघरात धूर नाही ही मोठीच सोय आहे. डोळे आणि छाती यांची किंमत आपल्या आयांनी मोजली, ती सुनांनी पुन्हा मोजावी असे कुणी म्हणणार नाही. खरी गोष्ट भुंग्यांची आहे.

माडाचे वैरी दोन. एक गेंड्या, दुसरा सोंड्या. गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग असलेला; रात्री दिव्यावर येऊन आपटतो तोच. तो शेंड्यातली अजून न उघडलेली सुरळी पोखरतो. पुढे ती झावळ उघडते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. ती खूण दिसली की समजावे, वर पाहुणा येऊन गेला. गंमत अशी की गेंड्याची अळी जिवंत माडाला काही करत नाही. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, आकड्यासारखी वळलेली ती अळी शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजत्या माडा-पोफळीच्या खोडात वाढते. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. एकेक मादी पन्नासापासून शंभरापर्यंत अंडी घालते. म्हणजे गडग्याशी टाकलेले कुजके खोड हे कचरा नसून भुंग्यांचे बाळंतघर आहे.

सोंड्याचे उलटे. तो तांबूस, पुढे सोंड असलेला. त्याला कुजलेले नको, ताजे लागते. माड तोडला, खोड चिरले, की जो आंबूस वास सुटतो त्यावर तो येतो आणि जखमेत अंडी घालतो. त्याची अळी खोडाच्या आतच राहते, आतला गाभा खाते, आतच सुंभासारखे कोशाचे घर करते. बाहेरून आपल्याला काही दिसत नाही. फार तर एखाद्या भोकातून तपकिरी पाणी झिरपते आणि चावलेला भुसा बाहेर येतो. रात्री शांत वेळी खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो म्हणतात, आणि तो येतो. मी ऐकला आहे. शेंडा कलला की मग फार उशीर झालेला असतो. आणि गेंड्याने वर केलेली जखम हीच सोंड्याला आत शिरायची वाट. एक दार उघडतो, दुसरा घर लुटतो.

हे केवळ आपल्याच किनाऱ्याचे दुखणे नाही. गेंड्या भुंगा मूळचा आपल्या बाजूचा, हिंदुस्थान-सिलोनपासून पूर्वेकडच्या देशांतला. १९०९ साली सिलोनहून सामोआ बेटांत रबराची रोपे गेली, त्यांच्याबरोबर तो तिकडे पोचला आणि पुढे शेजारच्या बेटांतही पसरला. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर तो २००७ मध्ये सापडला. तिथल्या लोकांनी त्याला आवरायचे बरेच प्रयत्न केले. मग मे २०१५ मध्ये डॉल्फिन नावाचे वादळ त्या बेटावरून गेले. झाडे पडली, खोडे आणि पाचोळा जागोजाग तसाच राहिला, आणि त्या कुजक्यात भुंग्यांची अशी काही पैदास झाली की नंतर उभे माड मरू लागले. मेलेला माड पडतो, कुजतो, त्यात आणखी भुंगे होतात, ते आणखी माड मारतात. वादळ एका दिवसात गेले आणि त्याचे काम भुंग्यांनी पुढे वर्षानुवर्षे चालवले. हे वाचले तेव्हा मला आपल्या वहाळाच्या कडेचा ढीग डोळ्यांपुढे आला.

आणि आपल्याला याची काळजी आजच का हवी, तर २०२० च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर आपण जी रोपे लावली, ती आता पोय टाकण्याच्या वयाला आली आहेत. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरू लागतो. कुणी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून रोपे आणली, कुणी घरच्या नारळाचीच केली. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या घरात नारळाचे पैसे हेच बाईच्या हातात येणारे पैसे आहेत. मुलगा मुंबईला, मागे सासूबाई आणि वाडी. तिने बादलीने पाणी घालून वाढवलेला माड गेंड्याने पहिल्या नारळाआधी संपवला, तर पुन्हा सहा-सात वर्षे थांबायला तिच्याकडे वेळ कुठला? कोवळ्या माडाची सुरळी भुंग्याला अधिकच सोपी असते.

तेव्हा खोड फोडायचे कसे ते सांगते. यात मला मायेने शिकवले ते आमच्या शेजारच्या सुतारकाकांनी, आणि बाकीचे घणाने शिकवले.

खोड ओले असतानाच फोडावे. आंबा-ऐन वाळल्यावर तडकतो, म्हणून आपल्याला वाटते हेही वाळू द्यावे. माडाची कड वाळली की लोखंड होते. घण उडून अंगावर येतो. पडल्यापासून आठ-दहा दिवसांत कटरवाल्याकडून दीड-दीड हाताचे तुकडे पाडून घ्यावेत. तो कुरकुरेल, कारण माडाने करवतीचे दात लवकर बोथट होतात. त्याला दोन पैसे जास्त द्यावेत पण तुकडे लहानच पाडून घ्यावेत. मग तुकडा उभा करून मध्यावर पाचर मारू नये. मध्ये मऊ आहे, पाचर नुसती रुतून बसते. कडेकडेने, चार बोटे आत पाचर धरावी आणि घण घालावा. दोऱ्यांच्या रेषेत ढलपा सुटून येतो. असे भोवतीने ढलपे काढत गेले की शेवटी हातात गाभ्याचा लोंबता ओंडका राहतो. तो कुऱ्हाडीने दोन-चार भाग करून उन्हात पसरावा. ढीग करू नये. ढीग केला की आत ऊब धरते, कुजते, आणि आपण भुंग्याला नवे घर बांधून दिले असे होते.

ढलपे दगडांवर आडवे-उभे रचावेत, जमिनीला टेकू देऊ नयेत, नाहीतर वाळवी त्यांचा ताबा घेते. दिवाळीनंतर फोडलेले मार्च-एप्रिलपर्यंत खडखडीत होतात. पावसाळ्यात पडलेला माड असेल तर अडचण आहे. तेव्हा निदान फोडून पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला उभे लावून ठेवावेत. फोडलेल्या, वारा लागलेल्या ढलप्यात दोन्ही भुंगे टिकत नाहीत. त्यांना ओल आणि काळोख पाहिजे. म्हणून जाळायला उशीर झाला तरी चालेल, फोडायला उशीर चालायचा नाही.

जाळायचे ते न्हाणीच्या चुलीत किंवा बंबात. ज्यांच्याकडे भात उकडतात त्यांना उत्तम. लग्नकार्यात चरीच्या चुलीवर मोठी पातेली असतात, तिथेही चालते. भाकरीला मात्र मी माडाचे लाकूड देणार नाही. जाळ सारखा राहत नाही आणि भाकरी एकीकडे कच्ची राहते. राख टाकून देऊ नका. माडाच्या राखेत पालाश भरपूर असते आणि माडाला त्याचीच भूक मोठी. थंड झाल्यावर आळ्यात पसरून द्यावी.

पोफळीचे काम सोपे. ती सरळ चिरते, तिच्या चिपा करून भारे बांधले की झाले. मात्र पोफळही कुजत टाकू नये. गेंड्या तिला नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. जुन्या माडाचा बुंध्याकडचा भाग सुताराला दाखवल्यावाचून चुलीत घालू नका. पन्नास-साठ वर्षांच्या माडाची खालची कड ही लाकडात लाकूड असते. आपल्या जुन्या घरांना त्याचे वासे आहेत, वहाळावर साकव त्याचेच असत, पाटाला पन्हळ त्याचीच. फिलिपाईन्समध्ये तर मनिला महानगरात माडाच्या लाकडाचा आणि करवंट्यांचा अख्खा वाडा १९८१ साली बांधून पुरा केला, त्याला नारळमहालच म्हणतात. आपल्याला महाल नको, पण गोठ्याला चार वासे निघत असतील तर ते जाळण्यात काय शहाणपण?

उरले बुंधे. जमिनीत राहिलेला बुंधा दिसायला निरुपद्रवी. त्याच्या मधला गाभा कुजून खळगा होतो, त्यात पावसाचे पाणी साठते, डास होतात, आणि कडेच्या कुजक्यात अळ्या. शक्य तर खणून काढावा. न जमल्यास वर कटरने चौकटी चिरा पाडून, उन्हाळ्यात वाळली सोडणे रचून धुमसत ठेवावा आणि मग मातीने बुजवावा. जवळ जिवंत माड असेल तर विस्तवाच्या वाटेस जाऊ नये, त्याच्या मुळांना झळ लागते; तिथे खणणे हाच उपाय. आणि काही घरचे पुरुष ओल्या खोडावर डिझेल ओतून अंगणात पेटवून देतात, ते कृपा करून थांबवा. चार दिवस आळीला धूर, खोड बाहेरून कोळसा आणि आतून ओले, आणि अळ्या आत सुखरूप. वहाळात लोटणे हा तर न्यायच नव्हे. पहिल्या पुरात ते खोड साकवाला जाऊन अडते आणि पाणी खालच्या आळीत शिरते.

खतखड्डाही विसरू नका. खोडे सगळी जाळली आणि शेणखत वर्षभर तसेच ठेवले तर भुंगा तिथे आहेच. दोन महिन्यांनी खड्डा वरखाली करावा आणि अळ्या वेचून कोंबड्यांना टाकाव्यात. कोंबड्यांना त्याची सवय झाली की फावडे हातात घेतल्याबरोबर धावत येतात. मेटारायझियम नावाची एक बुरशी मिळते, ती खड्ड्यात मिसळली की अळ्या हिरव्या पडून मरतात. माणसाला, गुरांना तिच्यापासून अपाय नाही. कृषी सहायकांकडे विचारावे.

आता थोडे मनातले. आमच्या आळीतल्या एका आजींच्या परसात शेंडा गेलेला माड उभा होता. वरून बोडका, खाली हिरवे शेवाळ. मी दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, यांनी लावलेला आहे. मुलासारखा वाढवला. त्याच्यावर कुऱ्हाड चालवायला सांगतेस?" यावर काय बोलावे मला सुचेना. माडाला आपण मुलासारखा मानतो हे खरे, आणि उगाच कुणी माड तोडत नाही. मी गप्प त्यांच्याजवळ बसले. मग त्यांच्याच दुसऱ्या कोवळ्या माडाची झावळ दाखवली. तिला तो कात्रीचा त्रिकोण पडलेला होता. माडाला एकच शेंडा असतो, तो गेला की पुन्हा फुटत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "धाकट्याला लागलंय का?" एवढेच. पुढल्या आठवड्यात त्यांनीच माणूस बोलावला. पाडण्याआधी बुंध्याला हळदकुंकू लावले. फोडताना वरच्या चार हातांत किती अळ्या निघाल्या ते सांगत नाही, जेवायची वेळ झाली आहे. त्या माडाच्या ढलप्यांवर त्यांचे आंघोळीचे पाणी गेला सबंध हिवाळाभर तापले.

एकटीच्याने मात्र हे काम होत नाही, हे मी कबूल करते. म्हणून मंडळाने इर्जिक करावी अशी माझी सूचना आहे. दोन लोखंडी पाचरी, एक घण आणि एक पहार मंडळाच्या पैशातून घेऊन माझ्या पडवीत ठेवता येतील. ज्या बाईला हव्या असतील तिने वहीत नाव लिहून न्याव्यात. महिन्यातला एक रविवार ठरवू. ज्या घरी खोड असेल तिथे सहा-सातजणी जमायचे, घण घालायला दोन दादा मंडळी लागतील, ती मागे पडवीत उभी आहेतच. ढलपे त्या घरचे. ज्या घरी उचलायला माणूस नाही, त्यांचे ढलपे रचून द्यायचे. त्या घरच्या बाईने चहा द्यावा, यापलीकडे काही करू नये. पोहे केले की पुढच्या घरी शिरा होतो आणि मग हौस महाग पडते.

पहिला रविवार खालच्या आळीपासून धरावा असे मला वाटते, कारण तिथे विहिरीमागे तीन खोडे आहेत आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर चार नवे माड उभे आहेत. येताना जुने लुगडे नेसून या, आणि ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी एक डबा आणावा.